असईचा विजेता

आपल्या जालना जिल्ह्यात, भोकरदन-जाफराबादच्या भागात, असई नावाचे एक छोटे गाव आहे. गावाजवळून केळणा व जुई या नद्या वाहतात. या लहानशा गावाचे नाव इंग्लंडच्या इतिहासात आहे. का बरे? चला, पाहू या.

१८०३ साली ईस्ट इंडिया कंपनी आणि मराठे यांच्यात युद्ध सुरू झाले. कंपनीचा सेनापती आर्थर वेलस्ली तेव्हा ३४ वर्षांचा होता. बदनापूरला तो व कर्नल स्टीव्हन्सन भेटले. दोन वाटांनी जाऊन २४ सप्टेंबरला एकदम हल्ला करायचा, असे त्यांनी ठरवले. पण २३ तारखेलाच दौलतराव शिंदे व नागपूरकर भोसले यांची मोठी फौज वेलस्लीला समोर दिसली. स्टीव्हन्सन अजून दूर होता. तरी वेलस्ली थांबला नाही.

जवळपास नदीला उतार नाही, असे वाटाड्यांनी सांगितले. वेलस्लीला मात्र दोन्ही काठांवर समोरासमोर दोन गावे दिसली. म्हणजे लोकांची ये-जा असणारच! शोध घेतला तेव्हा उतार सापडला. फौज पलीकडे गेली. शिंद्यांच्या गोलंदाजांनी शेवटपर्यंत तोफा सोडल्या नाहीत. वेलस्ली जिंकला, पण त्याचे सुमारे १,६०० सैनिक मेले किंवा जखमी झाले. इंग्लंडला वीर मिळाला. आपल्या मुलखावर मात्र परक्यांची पकड घट्ट झाली.

पुढे १८१५ साली वॉटर्लू येथे त्याने नेपोलियनचा पराभव केला. तेव्हा तो ड्यूक ऑफ वेलिंग्टन या नावाने ओळखला जात होता. १८२८ साली तो इंग्लंडचा पंतप्रधान झाला.

तेव्हा कॅथलिक पंथाच्या लोकांना तिथल्या संसदेत बसता येत नसे. वेलिंग्टनचाही त्यांना हा हक्क देण्यास विरोध होता. पण आयर्लंडमध्ये यादवी होईल, हे त्याने ओळखले. त्याने आपले मत बदलले, राजाचे मन वळवले आणि १८२९ साली त्यांना हक्क देणारा कायदा केला. मात्र त्याच वेळी आयर्लंडमधील हजारो गरीब शेतकऱ्यांचा मताधिकार काढून घेण्यात आला.

मँचेस्टरसारख्या मोठ्या शहराला तेव्हा संसदेत एकही प्रतिनिधी नव्हता आणि ओल्ड सॅरम या ओसाड जागेला दोन होते! लोक बदल मागत होते. १८३० साली वेलिंग्टनने सांगितले, की बदलाची काही गरज नाही. थोड्याच दिवसांत त्याचे सरकार पडले. पुढच्या वर्षी चिडलेल्या जमावाने त्याच्या घराच्या काचा फोडल्या. १८३२ साली सुधारणेचा कायदा झालाच.

मित्रांनो, असईला इतरांचे न ऐकता त्याने स्वतःच्या नजरेवर विश्वास ठेवला आणि लढाई जिंकली. १८३० साली त्याने तेच केले आणि राज्य गमावले. रणांगणावर हुकूम चालतो. राज्य चालवताना लोकांचे ऐकावे लागते.

शब्दार्थ
उतार – नदी पायी ओलांडता येईल अशी जागा
वाटाड्या – रस्ता दाखवणारा
गोलंदाज – तोफ चालवणारा
यादवी – एकाच देशातील लोकांची आपसातील लढाई
मताधिकार – मत देण्याचा हक्क

स्वाध्याय
१. नदीला उतार असेल, हे वेलस्लीने कशावरून ओळखले?
२. १८२९ च्या कायद्याने कोणाला हक्क मिळाला? कोणाचा हक्क गेला?
३. वेलिंग्टनला चांगला नेता म्हणावे का? तुमचे मत पाच वाक्यांत लिहा.