बालवाडीतील मुले आणि आधुनिक चित्रकला

बालवाडीची सहल म्हटली की आपल्या वस्त्यांमध्ये राणीची बाग नाही तर चौपाटी ठरलेली असते. मुंबईत काळा घोडा येथील जहांगीर आर्ट गॅलरीवरून आपली येजा होते. पण मुलांना घेऊन तेथे उतरावे असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. "ते मोठ्या लोकांचे आहे" आणि "आपल्यालाच त्यातले कळत नाही, तर पोरांना काय कळणार?" ही दोन उत्तरे आम्ही पालकांकडून वारंवार ऐकतो.

पहिले उत्तर वस्तुस्थितीला धरून नाही. सर कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून १९५२ साली ही गॅलरी उभी राहिली आणि तेथे प्रवेशाला पैसे पडत नाहीत. दारावरचा गणवेशातला पहारेकरी पाहून पाय अडखळतात ते मोठ्यांचे. चार वर्षांच्या मुलाला तो नुसता एक काका असतो. उंबरठ्याची भीती मनात बसण्याआधीच तो ओलांडून व्हावा, म्हणून हे वय आम्हाला मोलाचे वाटते. कृष्णाजी आरा हे चित्रकार लहानपणी मुंबईत आले ते घरकामाला राहिलेला पोरगा म्हणून. त्यांनी मोटारी धुण्याचेही काम केले. पुढे १९४७ साली स्थापन झालेल्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या सहा संस्थापकांत सूझा, रझा, हुसेन यांच्याबरोबर त्यांचे नाव आहे. तेव्हा हे दालन कोणाचे, हा प्रश्न इतका सरळ नाही.

दुसऱ्या उत्तराचा विचार अधिक सावकाश केला पाहिजे. आधुनिक चित्रासमोर आपण गोंधळतो, कारण त्यात ओळखीची वस्तू शोधायची सवय आपल्याला लागलेली असते. लहान मुलाला ती सवय अजून पक्की झालेली नसते. ते स्वतःच रेघोट्या मारून "हा पाऊस" म्हणते आणि थोड्या वेळाने त्याच रेघोट्यांना "ही आजी" म्हणते. म्हणून "हे काय आहे, सांग बरं?" हा प्रश्न बाईंनी विचारूच नये. त्या प्रश्नाला एकच बरोबर उत्तर आहे असे मुलाला वाटते आणि ते बाईंच्या तोंडाकडे पाहू लागते. त्यापेक्षा "तुला काय दिसतंय?", "यातला कोणता रंग जोरात बोलतो?", "ही रेघ बोटाने हवेत काढून दाखव" असे विचारावे. मग गप्प राहावे. हे गप्प राहणेच आपल्याला सर्वांत कठीण जाते!

वासुदेव गायतोंडे (१९२४–२००१) यांच्या चित्रांत माणूस, घर, झाड काहीच नसते. रंगाचे थरावर थर असतात. ते रंग लावायला रोलर आणि सुरी वापरत. ज्या मुलाचे वडील रंगकाम करतात, त्याला रोलर समजावून सांगावा लागत नाही. तेच इतरांना सांगेल. सय्यद हैदर रझा (१९२२–२०१६) यांचे बिंदूचे चित्र असेच सोपे आहे. शाळेत असताना मन स्थिर होईना, तेव्हा गुरुजींनी भिंतीवर एक ठिपका काढून त्याकडे पाहायला लावले, ही आठवण ते सांगत. ही गोष्ट मुलांना सांगावी आणि मोठ्या काळ्या वर्तुळासमोर खुशाल बसू द्यावे.

अर्थात हीच चित्रे त्या दिवशी भिंतीवर असतील असे नाही. जहांगीरमध्ये प्रदर्शने बहुधा आठवड्याने बदलतात. शेजारच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयातही (१९९६ पासून हे सर कावसजी जहांगीर हॉलमध्ये आहे) प्रदर्शने बदलत असतात. म्हणून बाईंनी त्याच आठवड्यात आधी एकट्याने जाऊन यावे आणि तीनच चित्रे निवडावीत. नग्नचित्र असेल तर पालक बिचकतात; मुलांना त्याचे फारसे काही वाटत नाही. तरी पालकांना आधी सांगून ठेवलेले बरे. जहांगीरमध्ये पुष्कळदा चित्रकार स्वतः हजर असतात. मुले त्यांना नि:संकोच विचारतात, "एवढा रंग कुठून आणला?"

चार-पाच मुलांमागे एक मोठे माणूस हवे. खाणे व लघवी आधी उरकावी. आत अर्धा तास पुरे. चित्रे मोठ्यांच्या नजरेच्या उंचीवर टांगलेली असतात, म्हणून थोडे मागे सरून जमिनीवर बसवावे. हात का लावायचा नाही, हे दटावून सांगण्यापेक्षा बोटांचा घाम काचेवर उठवून दाखवावा. चार वर्षांच्या मुलालाही कारण कळते.

परत आल्यावर "पाहिलेले चित्र काढा" असे सांगू नये. गेरू, हळद, चुना, जुन्या मासिकांची रंगीत पाने, गोंद आणि बोथट कात्री पुढे ठेवावी. फ्रान्सचे आंरी मातीस यांनी आजारपणानंतर म्हातारपणी रंगवलेले कागद कात्रीने कापूनच मोठमोठी चित्रे केली. मुलांनी केलेल्या चित्राला गुण देऊ नयेत, त्यावर लाल पेन्सिल चालवू नये. खाली मुलाचे नाव आणि ते त्या चित्राबद्दल जे बोलले तेच शब्द लिहावेत. चित्र मात्र भिंतीवर मुलांच्या उंचीला लावावे, म्हणजे ते घ्यायला आलेल्या आईला वाकून पाहावे लागेल.