परसांतील दुधी व झुकिनी : कांहीं सोपे पदार्थ, आणि कडू फळाविषयीं सावधगिरी

भाद्रपद-आश्विन आला म्हणजे हट्टा व वसमत तालुक्यांतील आसपासच्या गांवीं कुडांवर, गोठ्यांच्या पत्र्यांवर व हळदीच्या बांधांवर चढविलेले वेल एकदम फळांवर येतात. पहिला दुधी कौतुकानें देवापुढें ठेवला जातो. पंधरा दिवसांनीं तोच शेजाऱ्यास देऊं केला तर तो नको म्हणतो, कारण त्याच्याही कुडावर तेंच लोंबत असतें. बाजारांत आवक एकदम वाढते, भाव पडतो, आणि उरलेलीं फळें वेलावरच जून होतात. अशा घरच्या फळांचें घरींच काय करतां येईल, हें या लेखांत सांगण्याचा आमचा विचार आहे.

दुधीबरोबर आम्ही झुकिनीचेंही नांव घेतलें आहे. हें फळ आपल्या भागांत नवें. पण पुण्या-नाशकाकडील शेतकऱ्यांनीं तें पिकविण्यास घेतल्याला बरेच दिवस झाले, व त्याचें बीं आतां सहज मिळतें. झुकिनी मूळ अमेरिका खंडांतील भोपळ्याच्या कुळांतली. तिचें हल्लींचें लांबट, कोवळेपणीं खाण्याचें रूप इटली देशांत तयार झालें. तिचा वेल पसरत नाहीं, झुडुपासारखा जागीं राहतो, म्हणून घराजवळ चार रोपें पुरे होतात. थंडीच्या आरंभीं बीं टोकल्यास सुमारें दीड महिन्यांत फळ हातीं येतें. दुधी हा मूळचा आफ्रिकेंतला, व त्याची जात निराळी. स्वयंपाकघरांत मात्र दोघांचा स्वभाव सारखा : अंगीं पाणी फार, स्वतःची चव थोडी, आणि ज्याच्या संगतींत घालावें त्याचा गुण घेणारा. म्हणून खालील कृतींत एकाच्या जागीं दुसरें बेलाशक घ्यावें.

तोडणीची वेळ साधणें हें अर्धें पाकशास्त्र आहे. झुकिनी वीतभर झाली कीं तोडावी; आज ठेविली तर दोन दिवसांत मनगटाएवढी होते, आंत बिया धरतात व गर भसभशीत होतो. दुधीच्या अंगावरील बारीक लव असतांना व अंगठ्याचें नख सालींत सहज रुतत असतांना तो उत्तम. एखादें फळ वेलावर जून होऊं दिलें तर वेल आपली शक्ति त्याच्या बियांत घालतो, व नवीं फळें धरण्याचें प्रमाण कमी होतें. घरीं खाणारीं माणसें थोडीं असलीं तरी तोडणी एक दिवसाआड झालीच पाहिजे.

आतां ज्या गोष्टीसाठीं हा लेख लिहिण्याची आम्हांस विशेष निकड वाटली, ती सांगतों. मागें एका वर्षीं आम्हीं घरच्याच जून दुधीचें बीं धरून वेल लाविला. वेल जोमदार, फळें डौलदार. पहिली भाजी झाली आणि पहिल्या घांसासच ती कडूजहर लागली. घरांतील वडील मंडळींनीं, अन्न टाकूं नये म्हणून, तींत गुळाचा खडा घालण्याची सूचना केली. आमच्या वहिनींनीं तें न ऐकतां सारी भाजी खड्ड्यांत पुरली. त्या वेळीं आम्हांसही तो उधळेपणा वाटला होता; आतां वाटत नाहीं.

दुधी, झुकिनी, काकडी, वाळूक यांच्या कुळांत कुकुर्बिटासिन नांवाचें कडू द्रव्य असतें. रानटी जातींत तें पुष्कळ, व माणसानें निवडून वाढविलेल्या गोड जातींत नाममात्र. क्वचित् एखाद्या फळांत तें पुन्हा उसळतें. असें फळ पोटांत गेलें तर लौकरच पोटांत कळा, वांत्या व जुलाब सुरू होतात. विकार वाढल्यास वांतींतून रक्त पडतें व रक्तदाब खालीं जातो. त्यावर उतारा असा नाहीं. रोग्यास तांतडीनें दवाखान्यांत नेऊन शिरेंतून पाणी देणें व लक्षणांप्रमाणें उपचार करणें हाच मार्ग. आपल्या देशांत कडू दुधीचा रस प्याल्यानें मृत्यु घडले, तेव्हां भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेनें तज्ज्ञांची समिति नेमली. कडू दुधी मुळींच खाऊं नये व रस काढण्यापूर्वीं तुकडा चाखून पाहावा, असा त्या चौकशीचा सारांश आहे. जर्मनींत 2015 सालीं एक वृद्ध गृहस्थ घरच्या बागेंतील कडू झुकिनीची भाजी खाऊन दगावले.

हें द्रव्य शिजविल्यानें जात नाहीं. गुळानें, मिठानें किंवा चिंचेनें कडूपणा झांकेल, विष तसेंच राहील. मग कारलें कडू असून कसें चालतें, असें कोणी विचारील. कारल्याचा कडूपणा निराळ्या द्रव्यांचा आहे व तो त्याचा नित्याचा गुण आहे. दुधीचा कडूपणा ही विकृति आहे. सबब नियम एकच : प्रत्येक फळ चिरतांच देंठाकडील व टोंकाकडील नखाएवढा तुकडा जिभेस लावावा, कडू लागल्यास थुंकून टाकावा, व तें फळ पुरावें. ही परीक्षा घेण्यास चार पळेंही लागत नाहींत.

कडू फळ येतें कोठून? पुष्कळदां घरच्या बियांतून. तंबोऱ्यास लागणारा भोपळा, ज्याची लागवड पंढरपूरच्या बाजूस होते, तो दुधीच्याच जातीचा. रानांत व कुडांवर आपोआप उगवलेले कडू भोपळेही त्याच जातीचे. यांचा पराग गोड दुधीच्या फुलावर पडला तर त्या वर्षींचें फळ गोडच राहतें. पण त्या फळांतील बीं पुढील वर्षीं कडू निपजूं शकतें. म्हणूनच हा घोटाळा बीं धरतांना कोणाच्या लक्षांत येत नाहीं. प्रमाणित बियाण्याच्या लागवडींत अशा पिकांच्या दोन जातींमध्यें 500 मीटर अंतर राखतात. परसांत तें कोठून साधणार? ज्यांस घरचेंच बीं हवें असेल त्यांनीं मादी फूल, म्हणजे ज्याच्या बुडाशीं इवलेंसें फळ असतें तें, उमलण्यापूर्वीं दोऱ्यानें हलकेंच बांधावें. शेजारचें नर फूलही बांधावें. दुधी सायंकाळीं उमलतो, तेव्हां दोन्ही सोडून नराचा पराग मादीस लावावा व मादी पुन्हा बांधून देंठास रंगीत चिंधी गुंडाळावी. झुकिनीचें हेंच काम सकाळीं करावें. जे नर फूल उरतील त्यांचीं बेसनांत बुडवून भजीं होतात. मात्र सारींच खुडूं नयेत.

आतां पदार्थ. आमच्या मराठवाड्यांत दुधीचा खरा मान धपाट्यांत आहे. दोन वाट्या ज्वारीचें पीठ, अर्धी वाटी कणीक व अर्धी वाटी बेसन घ्यावें. त्यांत दोन वाट्या दुधीचा कीस, अर्धी वाटी दही, लसूण-मिरचीचा ठेचा, तीळ, ओवा, कोथिंबीर, घरची हळद व मीठ घालावें. येथें चूक होते ती पाण्याची. मीठ लागतांच किसास पाणी सुटतें. म्हणून सर्व कालवून पाव घटका तसेंच ठेवावें, मग मळावें, व कोरडें वाटलें तरच ताकाचा हबका द्यावा. प्रथमच पाणी घातलें तर पीठ सैल होतें, पुन्हा पीठ घालावें लागतें, आणि धपाटें चिवट होतें. ओल्या फडक्यावर थापून, मध्यें भोंक पाडून, तव्यावर तेल सोडून दोन्हीं अंगें खरपूस भाजावें. शेतावर न्यावयाचें असल्यास झुकिनीचें धपाटें अधिक वेळ मऊ राहतें, असा आमच्या घरचा अनुभव आहे. सोबत दही व शेंगदाण्याची चटणी.

भाजीबद्दल फार लिहावयास नको. भिजविलेली हरभऱ्याची डाळ फोडणीवर परतून, वर दुधीच्या फोडी घालून, ताटलींत पाणी ठेवून वाफेवर शिजवावी. आंत पाणी ओतूं नये. झुकिनी डाळ शिजत आल्यावरच घालावी, नाहीं तर तिचा लगदा होतो. भरितासाठीं अख्खें फळ चुलीच्या आरावर भाजून, साल काढून, दह्यांत कालवावें व वरून मोहरीची फोडणी द्यावी. कोवळ्या दुधीची साल फेंकूं नये. थोड्या तेलावर कुरकुरीत परतून तीळ, सुकी मिरची व मिठाबरोबर कुटल्यास ती भाकरीशीं चांगली लागते.

गोडांत दुधीहलवा सर्वांस ठाऊक आहे. पण त्यास दूध व तूप फार लागतें. त्यापेक्षां कोंकणांत तवसाचें म्हणजे मोठ्या काकडीचें जें धोंडस भाजतात, तें आमच्याकडील घरांस अधिक परवडणारें आहे, व दुधीनेंही तें उत्तम होतें. दोन वाट्या जाड रवा चार चमचे तुपावर मंद आंचेवर भाजावा. निराळ्या पातेल्यांत दोन वाट्या कीस, सव्वा वाटी गूळ, दीड वाटी दूध किंवा पाणी व चिमूटभर मीठ घालून एक उकळी आणावी. खालीं उतरून रवा, वेलची व अर्धी वाटी शेंगदाण्याचा जाडसर कूट मिसळावा. कोंकणांत कुटाच्या जागीं ओलें खोबरें घालतात. अर्धा तास झांकून ठेवावें म्हणजे रवा फुगतो. मिश्रण पळींतून जडपणें सरकेल इतकें घट्ट असावें. मग जाड बुडाच्या पातेल्यास तूप माखून त्यांत ओतावें, खालीं थोडे निखारे व झांकणावर जास्त निखारे ठेवून पाऊण तास भाजावें. खालीं आंच अधिक झाली तर बूड करपतें व मध्य कच्चा राहतो; आमचीं पहिलीं दोन धोंडसें अशींच गेलीं. गॅसवर करावयाचें असल्यास पातेल्याखालीं जुना तवा ठेवून आंच अगदीं बारीक करावी, व एक बाजू झाल्यावर ताटलीवर पालथें घालून परतावें. झुकिनी वापरल्यास सालीसकट किसावी व दूध अर्धी वाटी कमी घ्यावें. स्वच्छ काडी खुपसून कोरडी निघाली म्हणजे झालें. मात्र तें पुरतें निवल्याशिवाय कापूं नये, गरम असतां वड्या मोडतात.