कम्युनिटी कॉलेजमधलं जैवतंत्रज्ञान: काय शिकवतात आणि पुढे काय?

अमेरिकेतल्या मराठी घरांमध्ये 'कम्युनिटी कॉलेज' हे शब्द थोडा आवाज खाली करूनच उच्चारले जातात. ज्यांना विद्यापीठात प्रवेश मिळाला नाही त्यांची ही जागा, अशी एक समजूत आहे. त्यातून घरात कुणी पुण्या-मुंबईहून मायक्रोबायॉलॉजीत एमएस्सी करून आलेलं असेल आणि मधली आठ-दहा वर्षं मुलांच्या मागे गेली असतील, तर प्रश्न आणखी टोचतो: "आता परत दोन वर्षांच्या कॉलेजात जायचं?" एक संशोधक म्हणून मला विचाराल, तर उत्तर तुम्हाला कोणती नोकरी हवी आहे त्यावर अवलंबून आहे.

आधी तिथे काय शिकवतात ते पाहू. डीएनए वेगळा करणं, पीसीआरने त्याच्या प्रती काढणं, जेलवर तुकड्यांची लांबी तपासणं, बाहेरचा जनुक ई. कोलाय जिवाणूत घालणं, त्याने बनवलेलं प्रथिन शुद्ध करणं, पेशी वाढवणं. ही नावं आपण भारतात वाचलेली असतात, परीक्षेत लिहिलेलीही असतात. इथे ती स्वतःच्या हातांनी, पुन्हा पुन्हा करायची असतात.

सुरुवातीचा एक साधा धडा बघा. मायक्रोपिपेट 100 मायक्रोलिटरवर लावायचं, पाणी ओढायचं आणि ते तराजूवर सोडायचं. एक मायक्रोलिटर पाण्याचं वजन जवळजवळ एक मिलिग्रॅम असतं, म्हणजे तराजूवर 100 मिलिग्रॅमच्या आसपास आकडा दिसायला हवा. हे दहा वेळा करायचं. आकडे 95, 95, 94, 95 असे येत राहिले, तर कामात सातत्य आहे पण माप कमी भरतंय. पद्धत बरोबर असेल तर पिपेट दुरुस्तीला द्यायचं. आकडे 92, 106, 98, 103 असे नाचले, तर सरासरी शंभराजवळ असूनही काम भरवशाचं नाही. तिथे आधी स्वतःचा हात तपासायचा. अचूकता आणि सातत्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे एकदा हाताला कळलं की विसरत नाही. पीसीआरच्या नळीत सगळं मिळून 25 मायक्रोलिटर असतं, तिथे एक-दोन मायक्रोलिटरचा फरकही निकाल फिरवू शकतो.

दुसरा धडा नोंदींचा. औषधाच्या कारखान्यात प्रत्येक पायरी वेळ, तारीख आणि सहीसकट लिहावी लागते. चूक झाली तर एकच आडवी रेघ मारायची, शेजारी आद्याक्षरं आणि तारीख टाकायची. खाडाखोड नाही, व्हाइटनर तर नाहीच. हे औषध कुणाच्या तरी शिरेत जाणार असतं. बॅचमध्ये दोष निघाला, तर तो कुठे शिरला हे त्या कागदांवरूनच शोधायचं असतं.

अशी माणसं लागतात याचं कारण उद्योगाच्या इतिहासात आहे. 1976 मध्ये जेनेन्टेक कंपनी सुरू झाली आणि 1982 मध्ये जिवाणूंकडून बनवून घेतलेल्या मानवी इन्सुलिनला अमेरिकेत मंजुरी मिळाली. तेव्हापासून कितीतरी औषधं जिवंत पेशींकडून, मोठ्या टाक्यांमध्ये तयार होतात. त्या टाक्या सांभाळायला प्रत्येक वेळी पीएचडी लागत नाही, तयार हात लागतात. कॅलिफोर्नियात 2014 च्या कायद्याने काही कम्युनिटी कॉलेजांना चार वर्षांची पदवी द्यायला परवानगी मिळाली. त्यातूनच ओशनसाइडच्या मीराकोस्टा कॉलेजने जैवउत्पादनाची पदवी सुरू केली.

आता नोकऱ्या. उत्पादन विभाग, गुणवत्ता तपासणी आणि प्रयोगशाळेतला सहाय्यक, ही तीन मुख्य दारं. उत्पादनात रात्रपाळी आणि शनिवार-रविवारही येऊ शकतात, कारण पेशी सुट्टी घेत नाहीत. स्वतःचे संशोधनप्रश्न ठरवायचे असतील, तर हे सर्टिफिकेट पुरणार नाही. तिथे पीएचडीचाच रस्ता आहे. शिवाय हा उद्योग चढउतारांचा आहे, भरती जोरात होते तशी कपातही होते.

पदवी हातात असेल, तर पूर्ण दोन वर्षं घालवायची बहुधा गरज नसते. भारतातल्या पदवीचं मूल्यांकन करून घ्या आणि छोटं सर्टिफिकेट पुरेसं आहे का ते विचारा. कॅलिफोर्नियात तिथल्या रहिवाशांना गेली अनेक वर्षं एका युनिटला 46 डॉलर फी आहे, म्हणजे 20 युनिटांचे 920 डॉलर. बाहेरच्यांना कितीतरी पट जास्त पडते, म्हणून आपल्या व्हिसावर आपण कशात मोडतो ते कॉलेजकडून लेखी घ्या. एच-4 व्हिसावर शिकता येतं, पण वर्क परमिट नसेल तर पगारी इंटर्नशिपसुद्धा करता येत नाही. हे आधी तपासा, फी नंतर भरा.

प्रवेश घेण्यापूर्वी विभागप्रमुखांना तीन गोष्टी विचारा. आठवड्याला प्रयोगशाळेचे तास किती? इंटर्नशिप कोण मिळवून देतं? मागच्या वर्षीचे विद्यार्थी आज कुठे काम करतात? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर कंपन्यांच्या नावांसकट मिळालं, तर शेजारपाजारचे काय म्हणतील याची चिंता सोडून नाव नोंदवा.