अजिंठ्याचा अंधार आणि आयएसओ १६००

अजिंठ्याच्या १ नंबरच्या लेण्यात उन्हातून आत शिरलं की पहिली दोन मिनिटं काहीच दिसत नाही. मग डोळे सरावतात आणि समोरच्या भिंतीवर, गाभाऱ्याच्या डावीकडे, पद्मपाणी हळूहळू उमटायला लागतो. कॅमेऱ्याला असं सरावता येत नाही. फ्लॅशला बंदी आहे, ट्रायपॉड परवानगीशिवाय नेता येत नाही. उरतो एकच उपाय : आयएसओ वाढवा. तो वाढवला की फोटोवर कुणीतरी रंगीत वाळू भुरभुरल्यासारखं दिसतं. हाच तो नॉइज.

फ्लॅशबद्दल आधी कबुली देऊन टाकते. आठवीच्या सहलीत मी याच लेण्यात चोरून फ्लॅश मारला होता आणि “ए बाळा, फ्लॅश बंद!” अशी सगळ्यांदेखत बोलणी खाल्ली होती. एका फ्लॅशने रंग उडत नाही हे खरं, पण प्रकाशाचा परिणाम साचत जातो आणि दीड हजार वर्षांच्या रंगांना रोजचे पाहुणे काही कमी नाहीत. तेव्हा फ्लॅशशिवाय या चित्राचा प्रामाणिक फोटो मिळतो का, हे बघायला मी दोन जुने कॉम्पॅक्ट कॅमेरे घेऊन पुन्हा गेले. एक मामाचा फूजी फाइनपिक्स एफ३० (२००६, ६.३ मेगापिक्सेल) आणि दुसरा ताईचा कॅनन पॉवरशॉट ए५७० आयएस (२००७, ७.१ मेगापिक्सेल). फूजीचं एक्सडी कार्ड शोधण्यात दोन रविवार गेले, तो वेगळा लेख होईल. “मोबाईल का नाही?” असं रूममेटने विचारलंच. मोबाईल फोटो दाखवण्याआधी इतका शिजवतो की कच्चा माल कळतच नाही. त्याच्याकडे नंतर येते.

आता थोडी थिअरी, घाबरू नका. आयएसओ १६०० केल्याने सेन्सर जास्त प्रकाश गोळा करत नाही. जो थोडासा सिग्नल जमला तोच मोठा करून दाखवला जातो, आणि त्याच्यासोबत नॉइजही मोठा होतो. मुळात प्रकाश येतो तोच थेंबाथेंबाने. पावसाची पहिली भुरभुर सुरू असताना अंगणात दोन सारख्या वाट्या ठेवा. एकीत नऊ थेंब पडतील, दुसरीत तेरा. पाऊस तासभर कोसळला तर दोन्हींत जवळपास सारखंच पाणी. फोटॉनचं अगदी तसंच. सरासरी १०,००० फोटॉन पडले तर चढउतार वर्गमुळाइतका, म्हणजे १००, अर्थात १ टक्का. १०० च पडले तर चढउतार १० चा, म्हणजे तब्बल १० टक्के! शिवाय सर्किटचा स्वतःचा नॉइज वेगळा.

वाटी मोठी असेल तर थेंब जास्त. फूजीचा सेन्सर सुमारे ४३ चौरस मिलिमीटरचा, कॅननचा सुमारे २५ चा, आणि त्यातही कॅननने मेगापिक्सेल जास्त कोंबलेत. हिशेब केला तर फूजीचा एकेक पिक्सेल क्षेत्रफळाने जवळपास दुप्पट निघतो. ‘मेगापिक्सेल जास्त तो कॅमेरा भारी’ म्हणणाऱ्या दुकानदाराला हा भागाकार जरूर दाखवा.

लेण्यात मीटर आयएसओ १०० ला साधारण दोन सेकंद मागत होता, १६०० ला एक अष्टमांश. म्हणजे प्रकाश सोळा पट कमी आणि नॉइजचं प्रमाण निदान चौपट. कोपरं बरगड्यांना चिकटवून, श्वास रोखून फोटो काढले. भिंतीला किंवा खांबाला टेकायचं नाही, हे सांगायला नकोच. फूजीत ऑप्टिकल स्टॅबिलायझर नाही, त्यामुळे त्याचे निम्मे फोटो हललेले.

घरी येऊन स्क्रीनवर पाहिलं तर निकाल सरळ वाटला. फूजी साफ, कॅननच्या सावल्यांत हिरवे-जांभळे डाग. वहीत ‘फूजी विजयी’ लिहूनही टाकलं. मग पूर्ण आकारात पाहिलं आणि पेन खाली ठेवलं. पद्मपाणीच्या गालावर रंगाला गेलेल्या बारीक भेगा फूजीच्या फोटोत जवळजवळ गायब! कॅननच्या जेपेगमध्येही अर्ध्याच. कॅमेऱ्यातला नॉइज घालवणारा प्रोग्रॅम शेजारच्या पिक्सेलची सरासरी काढतो. त्याला दाणा आणि भेग यांतला फरक नेहमीच कळतो असं नाही. गाल गुळगुळीत झाला होता, पण तो गाल अजिंठ्याचा नव्हता.

इथे एक गोष्ट आठवल्याशिवाय राहत नाही. चित्रं नीट दिसावीत म्हणून पूर्वी नक्कल करणाऱ्यांनी आणि जतन करणाऱ्यांनीही त्यांच्यावर वार्निश फासलं, आणि पुढे तेच पिवळं पडलं.

कॅननवर सीएचडीके नावाचा फुकटचा प्रोग्रॅम कार्डवरून चालवता येतो, मग रॉ फाइल मिळते. रॉमध्ये वाळू सगळ्यांत जास्त, पण भेगाही जागेवर. सगळ्यांत वाईट हाल निळ्या रंगाचे. अजिंठ्याच्या चित्रांतले बाकीचे बरेच रंग स्थानिक मातीचे, पण निळा लाजवर्दी दगडाचा, दुरून आणलेला. आतला उजेड पिवळसर, त्यात निळा मुळातच कमी. व्हाइट बॅलन्स नीट करायला निळा चॅनल आणखी वाढवावा लागतो, म्हणजे त्याच्या नॉइजवर दुसऱ्यांदा गुणाकार. सगळ्यांत महागडा रंग सगळ्यांत खराब येतो!

मग एक जुनी युक्ती केली. एकाच जागेवरून काढलेल्या १६ रॉ फाइल कॉम्प्युटरवर नीट जुळवून त्यांची सरासरी काढली. दाणे दर फोटोत वेगळ्या जागी पडतात, भेग मात्र तिथेच राहते. नॉइज चौथ्या हिश्श्यावर आला, भेगा राहिल्या. आता गंमत बघा, १६ गुणिले एक अष्टमांश म्हणजे दोन सेकंद. आयएसओ १०० ला मीटरने मागितले होते तेवढेच! आपण प्रकाश फुकट मिळवला नाही, हप्त्याहप्त्याने भरला. फक्त सर्किटचा नॉइज सोळा वेळा मोजावा लागला, तेवढं व्याज. मोबाईलचा नाइट मोड आतल्या आत असंच करतो. १९९१ साली बेनॉय बहल यांनी फिल्मवर अजिंठ्याची चित्रं टिपली तीही मंद उजेडात, लांब एक्सपोजर देऊन.

माझ्या चित्रात कडा अजून थोड्या मऊ आहेत, कारण हात हलतो तेव्हा फोटो सरकतात तसे किंचित फिरतातही, आणि माझा प्रोग्रॅम फक्त सरकणं दुरुस्त करतो. फिरण्याचा भाग या सेमिस्टरला लिहायचाय. पुढच्या वेळी १६ ऐवजी ६४ फोटो काढीन म्हणते, म्हणजे नॉइज आणखी निम्मा होईल. ताईच्या कॅमेऱ्याला दोन पेन्सिल सेल लागतात. सोबत येणाऱ्याने ते आणावेत, आणि सोमवारी लेणी बंद असतात हे लक्षात ठेवावं.