ऑपेरा अथवा गेय नाट्य

१८८० सालीं पुण्यांत अण्णासाहेब किर्लोस्करांनीं ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आणलें, तेव्हांपासून संगीत नाटक महाराष्ट्राच्या परिचयाचें झालें आहे. परंतु त्यांत पात्रें बोलतात व मधून मधून पदें गातात. युरोपांतील ऑपेरा ह्या नाट्यप्रकारांत बहुधा सर्व संभाषणच गाण्यांत चालतें. पात्रें गातच भांडतात, गातच निरोप घेतात व गातच प्राण सोडतात! प्रथम ऐकणाऱ्यास हें चमत्कारिक वाटतें. म्हणून ह्या प्रकाराचें मर्म काय, ह्याचा आपण थोडक्यांत विचार करूं.

ऑपेराचा जन्म सोळाव्या शतकाच्या अखेरीस इटलींतील फ्लॉरेन्स शहरीं झाला. प्राचीन ग्रीक लोक आपलीं शोकनाट्यें गाऊन करीत असावेत, अशी तेथील कांहीं विद्वानांची व गायकांची समजूत होती. तसें नाट्य पुन्हां निर्माण करावें म्हणून त्यांनीं बोलणें व गाणें ह्यांच्या मधली एक रीति काढली. तीस ‘रेसिटेटिव्ह’ म्हणतात. तिच्या योगें कथा पुढें सरकते. आणि पात्राचें हृदय भरून आलें म्हणजे तें ‘आरिया’, म्हणजे पूर्ण सुरेल पद गातें. कीर्तनांतील आख्यान व त्यामधील पद ह्यांची आठवण केल्यास हा भेद चटकन ध्यानांत येईल.

याकोपो पेरी ह्याचा ‘युरिडिसी’ हा ऑपेरा १६०० सालीं फ्लॉरेन्स येथें एका राजविवाहाच्या उत्सवांत झाला. १६०७ सालीं मांतुआ येथें मॉन्तेव्हर्दी ह्यानें तीच ग्रीक कथा पुन्हां घेतली. ऑर्फियस नामक गायकाची पत्नी सर्पदंशानें मरते व तिला परत आणण्यास तो पाताळांत जातो. सावित्रीनें यमास भाषणानें जिंकलें. ऑर्फियस गाण्यानें जिंकूं पाहतो. अर्थात् येथें गाणें ही केवळ शोभा नसून तेंच नाटकांतील मुख्य कार्य होय. मॉन्तेव्हर्दीचा नायक सारें कौशल्य पणास लावून मृतांच्या नदीवरील नावाड्यापुढें गातो. नावाडी गाण्याची वाखाणणी करितो, पण त्यास दया येत नाहीं. शेवटीं त्यास झोंप लागते, तेव्हां कोठें ऑर्फियस पलीकडे जातो!

पुढें गायकांना ह्या कौशल्याचाच मोह पडला. ताना व हरकती ह्यांच्या भरांत कथा थांबूं लागली. आपल्या रंगभूमीवरही ‘वन्स मोअर’च्या गजरांत नाटक असेंच अडून राहत असे. तेव्हां ग्लूक ह्या जर्मन संगीतकारानें १७६२ सालीं व्हिएन्ना येथें ऑर्फियसचीच कथा साध्या सुरांत रंगविली. त्यांत पाताळाच्या दारावरील उग्र देवता गायकाच्या विनवणीस ‘नाहीं!’ म्हणून गर्जून उत्तर देतात. परंतु त्याचें दुःख ऐकतां ऐकतां त्यांचा आवाज हळूहळू मवाळ होतो व वाट मोकळी होते. संगीतानें काव्याची सेवा करावी, हें आपलें मत ग्लूकनें पुढें एका प्रस्तावनेंत स्पष्ट मांडिलें.

ऑपेराचें मर्म आम्हांस ह्यांतच दिसतें. गळा कितीही तयार असला, तरी शब्दांतील भाव सुरांत उतरला नाहीं, तर ऐकणारा नावाड्याप्रमाणें स्तुति करील आणि झोंपी जाईल. स्नेहसंमेलनांत पद म्हणणाऱ्यानें व उपासनेंत गीत गाणाऱ्यानें हें ध्यानांत ठेवावें. पालकांनींही आपल्या मुलाचा आवाज गोड आहे एवढ्यावर संतुष्ट न राहतां, तो काय गात आहे हें त्यास उमजलें आहे कीं नाहीं, हें एकदां अवश्य विचारावें.