शेजाऱ्यांच्या ग्रुपवर मत मांडताना

बंगळुरूच्या महादेवपुऱ्यात अपार्टमेंटमध्ये राहणारा मराठी माणूस साधारणपणे तीन व्हॉट्सॲप ग्रुपांत असतो. एक सोसायटीचा, एक परिसरातल्या मराठी मंडळींचा आणि एक गावाकडच्या नातेवाइकांचा. पहिल्यावर टँकर, लिफ्ट, पार्किंग आणि रस्त्यावरचे खड्डे यांची चर्चा चालते. दुसऱ्यावर गणपतीची वर्गणी, भाजणी कुठे मिळते याची चौकशी आणि पुण्या-मुंबईच्या बसची तिकिटे असतात. तिसऱ्यावर काहीही येते. दिवसाच्या बातमीवरचे मत मात्र तिन्हींवर फिरते आणि एका ग्रुपवरचा मजकूर दुसऱ्यावर जायला क्षणही लागत नाही.

या ग्रुपांचा उपयोग कमी लेखण्यासारखा नाही. सप्टेंबर 2022 च्या पावसात बेळंदूर, यमलूर आणि आउटर रिंग रोडचा मोठा भाग पाण्याखाली गेला, कंपन्यांचे कर्मचारी ट्रॅक्टरमध्ये बसून कामावर गेले, तेव्हा कोणता रस्ता चालू आहे हे लोकांना शेजाऱ्यांकडूनच कळत होते. पण एक दोषही त्याच दिवसांत नीट दिसला. ‘समोर गुडघाभर पाणी आहे, येऊ नका’ हा सकाळी लिहिलेला संदेश दुपारी चार वाजता दुसऱ्या ग्रुपवर ताजा म्हणून वाचला जात होता. फॉरवर्ड केलेल्या संदेशावर मूळ लिहिणाऱ्याचे नाव राहत नाही आणि मूळ वेळही राहत नाही. दिसते ते पुढे पाठवणाऱ्याचे नाव आणि त्याने पाठवल्याची वेळ. जुलै 2018 पासून ‘फॉरवर्डेड’ अशी खूण येऊ लागली, तरी वाचणारा त्या खुणेकडे पाहत नाही. तो ज्यांनी पाठवले त्या देशपांडे काकांकडे किंवा वरच्या मजल्यावरच्या ताईंकडे पाहतो. वर्तमानपत्र वाचताना माणूस थोडा सावध असतो. शेजाऱ्याचे वाचताना नसतो, कारण अडीअडचणीला धावून येणारा हाच शेजारी असतो. माणसावरचा भरवसा असा नकळत मजकुराला मिळतो, आणि पुढचे बहुतेक नुकसान याच वाटेने होते.

बंगळुरूने हे नुकसान व्हॉट्सॲप घरोघरी पोचण्याच्या आधीच पाहिले आहे. ऑगस्ट 2012 मध्ये, आसाममधल्या कोक्राझारच्या हिंसाचारानंतर, पुण्यात ईशान्येकडच्या तरुणांना मारहाण झाल्याच्या बातम्या आल्या. पाठोपाठ बंगळुरूत त्यांच्यावर मोठा हल्ला होणार असे एसएमएस फिरू लागले. दोन-तीन दिवसांत हजारो लोक सामान घेऊन रेल्वे स्टेशनवर आले, गुवाहाटीकडे जादा गाड्या सोडाव्या लागल्या आणि केंद्र सरकारने पाचाहून अधिक जणांना एकत्र एसएमएस पाठवण्यावर पंधरा दिवसांची बंदी घातली. संदेशांत सांगितलेला तो मोठा हल्ला झालाच नाही. त्यातले बरेच संदेश काळजीपोटी, मित्राने मित्राला पाठवलेले होते. चांगला हेतू अफवेला अडवत नाही, उलट वेग देतो.

2018 मध्ये तर माणसे गेली. मुले पळवणारी टोळी आल्याचा एक व्हिडिओ त्या वर्षी कन्नड, मराठी, हिंदी अशा सगळ्या भाषांतल्या मजकुरासह फिरत होता. मोटरसायकलवरचे दोघे जण रस्त्यावर खेळणाऱ्या मुलाला उचलून नेतात, एवढेच त्यात दिसायचे. तो मूळचा कराचीत मुलांच्या सुरक्षिततेसाठी बनवलेल्या जाहिरातीचा तुकडा होता. जाहिरातीत तेच दोघे मुलाला परत आणून सोडतात आणि पालकांसाठीचा फलक दाखवतात. शेवटचा तो भाग कापून टाकलेला होता. 23 मे 2018 ला बंगळुरूच्या चामराजपेटेत राजस्थानातून आलेल्या एका तरुणाला मुले पळवणारा समजून जमावाने ठार केले. 1 जुलैला धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात, राईनपाडा इथे आठवडी बाजाराच्या दिवशी नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत मारून टाकले. भिक्षा मागत गावोगाव फिरणारी ही माणसे सोलापूरकडची होती. व्हिडिओ पुढे पाठवणाऱ्या हजारोंपैकी बहुतेकांनी कुणावर हातही उगारला नव्हता.

मार्च 2024 मध्ये महादेवपुऱ्यात घडलेला एक प्रसंग प्रस्तुत लेखकाने जवळून पाहिला. आदल्या वर्षी पाऊस कमी झाल्याने बोअरवेल आटल्या होत्या, पिण्याच्या पाण्याने गाडी धुतल्यास पाणीपुरवठा मंडळ 5,000 रुपये दंड लावत होते आणि प्रशासनाला टँकरचे दर ठरवून द्यावे लागले होते. अशा तापलेल्या दिवसांत एका सोसायटीच्या ग्रुपवर फोटो आला: नेहमीचा टँकर सांडपाणी प्रक्रिया केंद्रापाशी उभा, वर पाईप लावलेला. खाली एकच ओळ होती, ‘हेच पाणी आपल्या मुलांना पाजतोय.’ फोटो खरा होता. टँकरही तोच होता. पण प्रक्रिया केलेले पाणी बांधकामाला वापरण्याची सक्ती तेव्हा झाली होती आणि चालक त्या खेपेला एका बांधकामावर पाणी नेत होता. हे कळेपर्यंत फोटो आसपासच्या चार सोसायट्यांत गेला होता, चालकाला गेटवर दमदाटी झाली होती आणि त्याच्या खेपा बंद झाल्या होत्या. खरे तर एकच टँकर दोन्ही प्रकारच्या पाण्यासाठी वापरणे योग्य आहे का, हा रास्त प्रश्न होता. तो कुणी विचारलाच नाही.

या प्रसंगातून एक सवय शिकण्यासारखी आहे. लिहिण्याआधी आपले वाक्य तीनपैकी कुठले ते ठरवावे: मी पाहिले, मी ऐकले की मला वाटते. ‘दुपारी दोन वाजता अमुक ठिकाणी हा टँकर पाणी भरताना पाहिला, हे कुठले पाणी आहे ते असोसिएशनने विचारावे’ असे लिहिले असते तर सोसायटी सावध झाली असती आणि कुणाची रोजी गेली नसती. समोरून आलेल्या मजकुरालाही हाच प्रश्न विचारावा. ‘काका, हे तुम्ही स्वतः पाहिलंत का, की कुठून आलंय?’ असे विचारण्यात अपमान नाही. मात्र चारचौघांत विचारण्यापेक्षा आधी खासगीत विचारलेले बरे, कारण ग्रुपवर अडचणीत आलेला माणूस चूक मान्य करण्याऐवजी तिलाच चिकटून बसतो.

मोठी घटना घडल्यावर पहिले काही तास मत न देणेच शहाणपणाचे. 1 मार्च 2024 ला दुपारी ब्रुकफिल्डच्या रामेश्वरम कॅफेत स्फोट झाला तेव्हा आधी सिलिंडर फुटल्याचे बोलले गेले. संध्याकाळपर्यंत मुख्यमंत्र्यांनी तो स्फोटकांचा असल्याचे सांगितले, पुढे तपास राष्ट्रीय तपास यंत्रणेकडे गेला आणि प्रमुख संशयित एप्रिलमध्ये पश्चिम बंगालमध्ये पकडले गेले. पहिल्या दिवशी ठामपणे लिहिलेल्या तर्कांना काहीच आधार नव्हता. त्या वेळी उपयोगी एवढेच होते: कोणता रस्ता बंद आहे, कोण घरी पोचले, कुणाला रक्त हवे आहे.

भाषेचा वाद हा महादेवपुऱ्यातल्या मराठी माणसासाठी सर्वांत नाजूक विषय. 21 फेब्रुवारी 2025 ला बेळगाव तालुक्यात मराठी न बोलल्यावरून कर्नाटकाच्या बसवाहकाला मारहाण झाल्याची तक्रार झाली. त्याच रात्री बंगळुरूहून मुंबईला निघालेल्या महाराष्ट्राच्या एसटीच्या चालकाला चित्रदुर्गात काळे फासले गेले. दोन्ही राज्यांतल्या बसफेऱ्या काही दिवस विस्कळीत झाल्या आणि 22 मार्चला कर्नाटक बंद पुकारला गेला. त्या आठवड्यात एका मराठी ग्रुपवर एका सदस्याने तीन संदेश लिहिले. पहिल्यात वाहकाला मारणे चूकच असे म्हटले होते, दुसऱ्यात चालकाबद्दलचा संताप होता, तिसऱ्यात सगळ्या कन्नडिगांना मिळून एक वाईट शब्द. स्क्रीनशॉट निघाला तो फक्त तिसऱ्याचा, आणि संध्याकाळी तो सोसायटीच्या ग्रुपवर होता. शाळेतून आल्यावर त्याची मुलगी शेजारच्या ज्या कन्नड काकूंकडे बसत असे, त्यांनीही तो वाचला. त्यांनी भांडण केले नाही. मुलीचे त्यांच्याकडे जाणे मात्र थांबले.

इथून दोन गोष्टी घ्याव्यात. पूर्ण विचार एकाच संदेशात लिहावा, तुकडे पाडू नयेत. स्क्रीनशॉटमध्ये तुकडाच जातो. आणि राग एखाद्या कृत्यावर असावा, समाजावर नाही. लिहिलेले वाक्य त्याच मजल्यावरच्या कन्नड, तेलुगू किंवा बंगाली शेजाऱ्याने वाचले तर चालेल का, हे पाहूनच ते पाठवावे, कारण तो ते वाचण्याची शक्यता नेहमीच असते.

ऑगस्ट 2025 मध्ये महादेवपुऱ्याचेच नाव देशभर गाजले. 2024 च्या लोकसभा निवडणुकीत या विधानसभा मतदारसंघात एक लाखाहून अधिक बनावट मते होती असा आरोप राहुल गांधींनी 7 ऑगस्टला केला. निवडणूक आयोगाने त्यांच्याकडे शपथपत्र मागितले. यावर कुणी कुठलीही बाजू घ्यावी, तो प्रत्येकाचा हक्क आहे. मतदार यादीचे पान ग्रुपवर टाकून त्यातल्या एखाद्या शेजाऱ्याच्या नावाभोवती लाल वर्तुळ काढणे मात्र मत नव्हे. भाड्याच्या घरातून निघून गेलेल्याचे नाव यादीत राहणे ही या भागात नेहमीची गोष्ट आहे, आणि शंका असेल तर आक्षेप नोंदवण्याची जागा मतदार नोंदणी अधिकाऱ्याकडे आहे.

कायदा मत मांडण्याच्या आड येत नाही, पण काही हद्दी ठरवतो. नोव्हेंबर 2012 मध्ये मुंबई बंदबद्दल फेसबुकवर लिहिल्यामुळे पालघरमधल्या दोन तरुणींना अटक झाली होती. ती अन्यायाचीच होती, आणि पुढे 24 मार्च 2015 ला सर्वोच्च न्यायालयाने अशा अटकांसाठी वापरले जाणारे माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम 66ए रद्द केले. तरी 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत अफवा पसरवून लोकांत भय किंवा वैर निर्माण करण्याबद्दल कलम 353 आणि बदनामीबद्दल कलम 356 आहे. ॲडमिनबाबत मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2021 मध्ये असे म्हटले की सदस्याच्या मजकुराला, दोघांचा समान हेतू सिद्ध झाल्याशिवाय, ॲडमिनला जबाबदार धरता येत नाही. आता ॲडमिनला इतरांचा संदेश सर्वांसाठी काढून टाकण्याची सोयही आहे. ती वेळेवर वापरणे हे त्याचे काम.

चुकीचे काही आपल्या हातून गेलेच, तर नुसते डिलीट करून भागत नाही. स्वतःचा संदेश सर्वांसाठी काढण्याची मुदत दोन दिवसांहून थोडी अधिक असते, आणि पुढे गेलेल्या प्रती त्याने जात नाहीत. आधी त्याच संदेशाला उत्तर म्हणून, आपल्या नावाने, काय चुकले आणि खरे काय ते लिहावे. मग जिथे जिथे पाठवले होते तिथे तिथे तेच लिहावे आणि ज्यांनी पुढे नेले त्यांना तसेच करायला सांगावे. टँकरचालक, रखवालदार, घरकामाला येणाऱ्या बाई या ग्रुपवर नसतात, त्यांना ही दुरुस्ती दिसत नाही. त्यांना भेटून किंवा फोन करून, येईल तशा कन्नडमध्ये, स्वतः सांगावे लागते, आणि बंद पडलेले त्यांचे काम पुन्हा सुरू झाले का हे असोसिएशनच्या मागे लागून पाहावे लागते.