समुद्रात उतरण्यापूर्वी

यवतमाळच्या माणसाला समुद्र लवकर दिसत नाही. आपल्याकडे वर्धा आणि पैनगंगा या नद्या आहेत, अरुणावती आहे, बेंबळा धरणाचे मोठे पाणी आहे. पण समुद्र पाहायचा तर धामणगावला जाऊन आगगाडीत बसावे लागते आणि मुंबईपर्यंत रात्र काढावी लागते. पोहायला मात्र आपल्याकडची मुले विहिरीतच शिकतात. पाठीला रिकामा डबा बांधायचा, कमरेला दोर, काठावर एखादा मोठा माणूस. माझा भाचाही असाच शिकला.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुटीत आम्ही मालवणला जायचे ठरवले. आपा, दुल्हाभाई, नववीतला भाचा, सातवीतली भाची आणि मी. दुल्हाभाई शिवणकाम करतात. वर्षभर थोडेथोडे करून त्यांनी प्रवासासाठी पैसे बाजूला ठेवले होते. ते किती होते हे मला ठाऊक होते, म्हणूनच भाच्याने एक दिवस माझ्यापुढे कागद ठेवला तेव्हा मला घाम फुटला.

कागदावर यादी होती. मुखवटा, श्वासनळी, पायांचे पंख, रबरी पोशाख, हवेची टाकी, रेग्युलेटर, तरंगण्याचे जाकीट, खोली दाखवणारे घड्याळ.

"मामू, सगळे नवे घेतले तर लाखाच्या पुढे जाते," तो म्हणाला. "पण रेग्युलेटर जुना मिळतो. आणि श्वासनळीचे पैसे तर वाचतीलच. कूलरचा पाइप पडला आहे घरात. लांब आहे. तो तोंडात धरला की टाकीसुद्धा नको!"

मुलांनो, भाच्याची ही कल्पना तुम्हांलाही पटेल. पाइपाचे एक टोक पाण्याबाहेर, दुसरे तोंडात. मग श्वास घ्यायला अडचण कोणती? अडचण आहे, आणि ती जिवावर बेतणारी आहे. पाण्याला वजन असते. एक मीटर खोलीवर शरीराच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सुमारे १०० ग्रॅम जास्त भार पडतो. म्हणजे छातीच्या तळहाताएवढ्या भागावरच जवळजवळ दहा किलो! पाइपातली हवा मात्र वरच्यासारखी हलकीच राहते. एवढा भार उचलून छाती फुगवणे माणसाला जमत नाही. शिवाय आपण सोडलेला श्वास लांब नळीतून बाहेर पडतच नाही. तोच पुन्हा आत येतो. म्हणून खरी श्वासनळी हातभरही लांब नसते. ती फक्त पाण्यावर पालथे तरंगत खाली पाहण्यासाठी असते.

"मग टाकी लावल्यावर श्वास कसा घेता येतो?" भाचीने विचारले. प्रश्न तिचा होता, यादी तिच्या भावाची. मला प्रश्न जास्त आवडला.

टाकीत साधी हवाच भरलेली असते. लोक तिला ऑक्सिजनची टाकी म्हणतात, ते चूक आहे. आपल्याभोवती आहे तीच हवा, फक्त फार दाबून भरलेली. मराठीतला 'दाब' म्हणजे आपण उर्दूत ज्याला दबाव म्हणतो तो. टाकीवर बसवलेला रेग्युलेटर ही हवा नेमकी भोवतालच्या पाण्याच्या दाबाने तोंडात देतो. पाणी बाहेरून जेवढे दाबते, तेवढीच हवा आतून उचलून धरते. ही सोय फ्रान्समधल्या झाक कूस्तो आणि एमील गान्यां या दोघांनी १९४३ साली साधली. गान्यां हे इंजिनिअर होते. युद्धामुळे पेट्रोल मिळत नव्हते, म्हणून गॅसवर मोटार चालवण्यासाठी त्यांनी एक झडप तयार केली होती. तीच पुढे माणसाच्या श्वासाच्या कामी आली. अशा साधनाला स्कूबा म्हणतात. ते बांधून पाण्याखाली जाणाऱ्याला आपण उर्दूत गव्वास किंवा गोताखोर म्हणतो, मराठीत पाणबुड्या. पाणबुडी म्हणजे मात्र जहाज, एवढे लक्षात ठेवा. वर्गात हा गोंधळ नेहमी होतो.

तर ज्या झडपेवर आपला श्वास अवलंबून आहे, ती जुनी आणि स्वस्त घ्यायची का? मी भाच्याच्या कागदावर रेग्युलेटर, टाकी, जाकीट आणि घड्याळ यांवर रेघ मारली. या वस्तू मालवणला भाड्याने मिळतात, किंबहुना पाण्यात नेणाऱ्यांच्या शुल्कातच त्या धरलेल्या असतात. त्यांची नियमित तपासणी करावी लागते. वर्षातून एकदा पाण्यात जाणाऱ्या माणसाने त्या घरी आणून काय करायचे? माळ्यावर रबर कडक होते आणि आपला विश्वास मात्र तसाच राहतो.

पंखांवरही रेघ मारली. गरम पाण्याच्या समुद्रात अनवाणी पायात घालायचे, बुटासारखे बंद पंख चालतात. थंड पाण्यात जाड मोजे आणि मागे पट्टा असलेले पंख लागतात. पण ते पायाला बेताचे बसावे लागतात. सैल असले तर निसटतात, घट्ट असले तर पोटऱ्यांत गोळे येतात. वाढत्या वयाच्या मुलाला पुढच्या वर्षी तेच पंख कसे पुरणार? आणि पहिल्या बुडीत तर शिक्षकच हाताला धरून नेतो.

उरला मुखवटा. इथे मात्र मी पैसे खर्च करायला तयार होतो, कारण या बाबतीत मी एकदा फसलो आहे. काही वर्षांपूर्वी खेळण्यांच्या एका दुकानातून मी स्वस्त मुखवटा घेतला होता. काच प्लॅस्टिकची, कड कडक. समुद्रात तोंड बुडवले आणि पाच मिनिटांत डोळ्यांसमोर धुके आणि नाकात खारे पाणी. मित्र मासे मोजत होते, मी शिंका मोजत होतो.

आम्ही नागपूरला गेलो. चांगल्या मुखवट्याची काच टणक केलेली असते, फुटली तरी तिचे धारदार तुकडे होत नाहीत. कड मऊ सिलिकॉनची असते. नाक मुखवट्याच्या आत असते आणि ते बाहेरून चिमटीत धरता येते. पोहण्याचा साधा चष्मा खोल पाण्यात का चालत नाही, याचे कारण इथेच आहे. खाली जाताना दाब वाढतो आणि चष्मा डोळ्यांवर खेचला जातो. मुखवट्यात नाकाने थोडी हवा सोडली की ही ओढ कमी होते. चष्म्यात हवा सोडणार कशी? नाक तर बाहेर!

मुखवटा पारखण्याची रीत फुकट आहे. पट्टा न लावता तो चेहऱ्यावर टेकवायचा, नाकाने हलका श्वास आत ओढायचा आणि हात सोडायचा. मुखवटा चिकटून राहिला तर चेहऱ्याला बसला. पडला तर परत ठेवायचा, मग तो कितीही नामांकित असो. भाच्याच्या चेहऱ्यावरून सर्वांत महागडा मुखवटा तीनदा पडला. त्याच्यापेक्षा बराच स्वस्त मुखवटा पहिल्याच श्वासाला बसला. दुकानदाराचा चेहरा थोडा उतरला. भाचीचा चेहरा लहान आहे, तिला दुसरा घ्यावा लागला. दोन मुखवटे, दोन आखूड श्वासनळ्या. एवढीच आमची खरेदी.

घरी आल्यावर दोन्ही काचा आतून टूथपेस्टने घासून धुतल्या. नव्या काचेवर एक पातळ थर असतो, त्यामुळे वाफ धरते. मग एका नातेवाइकांच्या शेतातल्या विहिरीत, कमरेला दोर बांधून आणि मी काठावर बसून, मुलांनी मुखवट्याचा सराव केला. भाचीच्या मुखवट्यात पाणी शिरत होते. का बरे? ती डोके झाकते; ओढणीची कड मुखवट्याखाली येत होती. एक केस अडकला तरी पाणी वाट काढते, मग कापडाचे काय! शिवाय सुती सलवार-कमीज पाणी पिऊन जड झाली आणि तिला हात मारता येईना. आपला जिल्हा कापसाचा. कापसाविरुद्ध बोलणे जिवावर येते, पण पाण्यात सुती कपडा नको.

आता रबरी पोशाखाचा प्रश्न आला. पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीस पट वेगाने शरीरातील उष्णता ओढून घेते. म्हणून कोमट वाटणाऱ्या पाण्यातही तासाभराने थंडी वाजते. आपल्या पश्चिम किनाऱ्यासारख्या उबदार समुद्रात तीन मिलिमीटर जाडीचा पोशाख पुरतो, आणि अर्ध्या तासाच्या बुडीला तर अंगाला चिकटून बसणारा पातळ कपडाही चालतो. तो ऊन आणि जेलीफिशचा दंश यांपासून अंग झाकतो. दुल्हाभाईंनी हे ऐकले, काही बोलले नाहीत. दोन दिवसांनी त्यांनी ताणले जाणारे पॉलिएस्टरचे कापड आणले आणि रात्री बसून दोन्ही मुलांसाठी पूर्ण बाह्यांचे पोशाख शिवले. भाचीच्या पोशाखाला टोपी जोडली. विहिरीवरचा प्रकार त्यांच्या लक्षात होता, म्हणून टोपीची कड त्यांनी कपाळावरून दोन बोटे मागे घेतली. मुखवटा कातडीवर बसला, टोपी त्याच्या पट्ट्यावरून आली. पाण्याचा थेंब आत शिरला नाही.

हजार किलोमीटरहून अधिक प्रवास करून आम्ही कुडाळ स्टेशनवर उतरलो आणि तिथून मालवणला पोहोचलो. समोर सिंधुदुर्ग किल्ला. शिवाजी महाराजांनी १६६४ साली त्याचे बांधकाम सुरू केले. किल्ल्याच्या आसपासच्या खडकांवर प्रवाळ आहेत. प्रवाळ म्हणजे मूंगा. इथल्या समुद्राचा काही भाग १९८७ साली सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला आहे. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो, तेव्हा पाण्यात नेत नाहीत. दिवाळीनंतर पाणी निवळू लागते.

पाण्यात जाण्याआधी एक अर्ज भरावा लागतो. दमा आहे का, हृदयाचा आजार आहे का, कान दुखतो का, सर्दी आहे का? भाच्याने सगळीकडे 'नाही' लिहिले. दोन्ही मुलांचे पैसे भरून झाले होते. मी त्याच्याकडे पाहिले. तो तोंडाने श्वास घेत होता.

"आगगाडीतल्या वाऱ्याने थोडे नाक बंद आहे, मामू," तो हळूच म्हणाला. "अब्बांना सांगू नका. त्यांचे पैसे वाया जातील."

काय करावे? मी शिक्षकाला सांगितले. त्याने भाच्याला नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायला लावले. खाली जाताना कानातला दाब असाच सारखा करावा लागतो. भाच्याचा उजवा कान उघडेना. सर्दीत कानाकडे जाणारी वाट सुजते. तशा अवस्थेत खाली गेल्यास पडदा फाटू शकतो. "आज नाही," शिक्षक म्हणाला. भाचा वाळूत बसला आणि माझ्याशी बोलेना.

त्याच्या जागी दुल्हाभाई उतरतील असे आपाने ठरवून टाकले. ते नको म्हणत होते. त्यांना भाड्याचा रबरी पोशाख चढवायला दोन माणसे लागली. शिक्षकाने एकच गोष्ट तीनदा सांगितली: श्वास कधीही रोखून धरायचा नाही. दहा मीटर खोलीवर दाब दुप्पट होतो आणि हवा निम्म्या जागेत मावते. वर येताना तीच हवा फुगते. श्वास कोंडून वर येणाऱ्याच्या फुप्फुसांना इजा होते. आमची मंडळी पाच-सात मीटरच जाणार होती, पण नियम तिथेही तोच.

भाची आणि तिचे अब्बा पाण्याखाली गेले. सर्दी असताना डोके बुडवून खाली जाता येत नसले, तरी वर तरंगता येते. होडीवाल्याच्या देखरेखीखाली, तरंगण्याचे जाकीट घालून, भाच्याने स्वतःचा मुखवटा लावला आणि तो पाण्यावर पालथा झाला. बराच वेळ तो वर आलाच नाही. फक्त श्वासनळीचे टोक हलत होते. मग एकदम डोके काढून ओरडला, "मामू, पिवळे-काळे पट्टेवाले मासे! अब्बांच्या डोक्याभोवती फिरताहेत!" नळी तोंडाबाहेर गेल्याने खारे पाणी प्यायला तो भाग वेगळा.

भाची वर आली ती बोलतच आली. मासे हाताएवढे होते म्हणाली. पाण्याखाली वस्तू जवळ आणि मोठ्या दिसतात, हे मी तिला सांगितले नाही. दुल्हाभाई मात्र गप्प होते. होडीत बसून ते अंगातल्या रबरी पोशाखाची बाही उलटी करून पाहत होते.

"काय झाले?" आपाने विचारले.

"शिलाई बघ," ते म्हणाले. "सुई आरपार गेलेली नाही. कापडाच्या निम्म्यातूनच परत वळवली आहे, म्हणून पाणी झिरपत नाही. हे कसे केले असेल?"

परतीच्या प्रवासात कुडाळपासून मुंबईपर्यंत त्यांचे आणि भाच्याचे हेच बोलणे चालले होते.

स्वाध्याय

१. कूलरच्या पाइपाने पाण्याखाली श्वास का घेता येत नाही? तुमच्या शब्दांत लिहा.
२. मामूंनी कोणत्या वस्तूंवर रेघ मारली? तुम्हांला त्यांचे पटते का?
३. 'पाणबुड्या' आणि 'पाणबुडी' हे शब्द वापरून दोन वाक्ये तयार करा.
४. मामूंनी भाच्याची सर्दी शिक्षकाला सांगितली. तुम्ही भाच्याच्या जागी असता तर त्यांना काय म्हणाला असता?
५. तुमच्या घरातील मोठ्या माणसांना पोहणे कुठे आणि कसे शिकलात ते विचारा आणि आठ-दहा ओळी लिहा.